ब्राह्मी कुठली घ्यावी: व्हाळाकाठची, परसातली की पुडीतली?

मुलांना ब्राह्मी द्यायची ठरवली की कोकणात तीन वाटा असतात: व्हाळाकाठून, म्हणजे ओढ्याकाठून, खुडून आणायची, परसात लावायची, नाहीतर दुकानातून चूर्णाची पुडी घ्यायची. मी इथे फक्त शिसं आणि कॅडमियम या दोन विषारी धातूंच्या बाजूने बघतो आहे. पोटात गेलेलं शिसं मुलांचं शरीर मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषतं आणि त्याची झळ मेंदूलाच बसते. बुद्धीसाठी दिलेल्या पाल्यातून तेच जाऊ नये.

व्हाळाकाठची ब्राह्मी फुकट, ताजी आणि पावसाळ्यात हवी तेवढी मिळते. पण ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती चालतात; ती गोल पानांची असो की बारीक मांसल पानांची, वाढते ओल्या चिखलाला धरून, आणि वरून वाहत आलेलं सगळं त्याच चिखलात बसतं. बारीक पानांची नीरब्राह्मी तर धातू इतके ओढते की दूषित पाणी शुद्ध करण्याच्या प्रयोगांत ती वापरली जाते. त्यात आपली जांभ्याची माती आम्लधर्मी. अशा मातीत कॅडमियम सहज विरघळतं आणि मुळांवाटे पानांत चढतं. शिसं त्यामानाने मुळांशीच अडतं. पानांवरचं बरंचसं धुळीतून आलेलं असतं, म्हणून धुतल्यावर काही अंशी जातं. पानाच्या आत गेलेलं कॅडमियम धुऊन निघत नाही. उकळून जंतू मरतात, धातू नाहीसे होत नाहीत.

म्हणून लोटे, महाड, रोहा अशा रासायनिक वसाहतींच्या खालच्या अंगाची, महामार्गाच्या गटारातली, गॅरेजमागची आणि रंगवलेल्या मूर्ती विसर्जित होतात त्या तळीतली ब्राह्मी घेऊ नका, कितीही टवटवीत दिसली तरी. शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, पण रस्त्याकडेच्या मातीत साचलेलं शिसं कुजून जात नाही. वर कारखाना, रस्ता, वस्ती काहीच नाही असा डोंगरातला व्हाळ असेल तर मात्र या दोन धातूंची धास्ती बरीच कमी.

पुडीतल्या चूर्णाची जमेची बाजू एकच, ते तपासलेलं असू शकतं. आयुर्वेदिक औषधांसाठी आपल्याकडे मर्यादा ठरलेल्या आहेत: किलोमागे शिसं १० मिलिग्रॅम, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. आता हिशेब करा. शिशाच्या मर्यादेला टेकलेलं चूर्ण मुलाला दिवसाला एक ग्रॅम दिलं तर १० मायक्रोग्रॅम शिसं पोटात जातं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लहान मुलांसाठी, सगळ्या खाण्यापिण्यातून मिळून, दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम हा आकडा धरला आहे. तेव्हा ‘मर्यादेत’ एवढ्या शब्दावर समाधान मानू नका. त्या बॅचचा तपासणी अहवाल मागा आणि आकडा मर्यादेच्या किती खाली आहे ते बघा. आठवडा बाजारातली सुटी पूड कुठल्या पाण्यावर वाढली हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. वाळवल्याने पाणी उडतं, धातू मागे राहतात, आणि काढ्याचा चोथा टाकतो तसं चूर्णाचं काही टाकत नाही, सगळं पोटात जातं.

माझा कौल परसातल्या कुंडीला. रस्त्यापासून लांबची माती, मुरलेलं शेणखत, विहिरीचं पाणी, अर्धी सावली एवढं पुरतं. उन्हाळ्यात रोज पाणी घालावं लागतं आणि पाला बेताचाच मिळतो, पण एका घराला भरपूर होतो. रंगाचे जुने डबे कुंडी म्हणून वापरू नका, जुन्या रंगाचे पोपडे गळणाऱ्या भिंतीखाली ठेवू नका. सुपर फॉस्फेट टाळा, त्यात कॅडमियम असू शकतं. चिमूटभर चुना मिसळला तर मातीची आम्लता कमी होते. मातीबद्दल शंका असेल तर शिसं आणि कॅडमियमची तपासणी वेगळी सांगून करून घ्या. मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात, या दोन नसतात.

माक्याला आणि वेखंडाला हेच सगळं लागू, तेही पाणथळातलेच. अडुळसा, गुळवेल यांचा प्रश्न मुख्यतः धुळीचा: रस्त्याकडेच्या कुंपणावरचा पाला सोडा, आतल्या बाजूचा घ्या आणि दोन-तीन पाण्यांनी धुवा.