सीलबंद प्रभुभोजन कप: रुग्णभेटीला चांगले, रविवारी बेताचे

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा ख्रिस्ती विधी. करोनाच्या दिवसांत मंडळ्यांना, म्हणजे चर्चच्या सभासदांना, सवय झालेले त्याचे सीलबंद कप अजूनही मागवले जातात. रुग्णभेटीसाठी आम्ही त्यांना ५ पैकी ४ गुण देऊ, रविवारच्या उपासनेसाठी जेमतेम २.

प्लास्टिकच्या छोट्या कपावर दोन पापुद्रे असतात. वरच्या पारदर्शक पापुद्र्याखाली पातळ वेफर, त्याखालच्या फॉइलखाली घोटभर द्राक्षरस. खरी अडचण उघडण्यात आहे. दोन्ही पापुद्र्यांची टोकं एकमेकांना चिकटलेली असतात. घाईत दोन्ही एकदम ओढली की वेफर खाली पडते आणि रस साडीवर सांडतो. आधी नखाने वरचं टोक वेगळं करा आणि कपाचं पोट न दाबता तो काठाला धरा. फॉइल अर्धीच सोलली तरी पिता येतं. थरथरत्या हातांच्या आजी-आजोबांना हे जमत नाही, त्यांच्या शेजारी कोणीतरी बसवा. शिवाय येशूचे “घ्या, खा” हे शब्द म्हटल्यावर शे-दीडशे पापुद्रे एकदम चुरचुरायला लागले की प्रार्थनेतलं लक्ष उडतं. वरचा पापुद्रा काढून ठेवायला पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) आधीच सांगितलेलं बरं.

वेफरला चव अशी नाहीच. रसाचं लेबल मात्र नीट वाचा: नुसतं ‘द्राक्षाच्या स्वादाचं पेय’ असेल तर घेऊ नका. खोकी पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर ठेवू नयेत. फॉइल फुगलेला कप सरळ टाकून द्या.

आता २ गुण का, ते. पहिल्या शतकात करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत आधी येणारे खाऊन मोकळे होत आणि गरीब उपाशी राहत. म्हणून प्रेषित पौलाने त्यांना पत्रातून एकमेकांची वाट पाहायला सांगितलं (बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ११), आणि त्याआधीच्या अध्यायात भाकर एक म्हणून आपण पुष्कळ असूनही एक शरीर, असं लिहिलं. दारातल्या खोक्यातून ज्याने त्याने आपापला कप उचलला की हे दोन्ही हरवतं. प्रभुभोजन हे कृपेचं साधन, म्हणजे देवाची कृपा आपल्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग मानायचं, तर कृपा उचलून घ्यायची नसते, कोणीतरी द्यायची आणि आपण रिकाम्या हाताने घ्यायची असते. नुसती आपली पात्रता तपासत, प्रभुभोजन न घेता मागे बसून राहणाऱ्यांनाही हे दिसायला हवं. त्यामुळे हेच कप वापरायचे असतील तर निदान खोकं दारात ठेवू नका. मंडळीच्या वडीलजनांनी (निवडलेल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांनी) तबकातून प्रत्येकाच्या हातात द्यावेत. खर्च शून्य, फरक मोठा.

वेगवेगळे कप ही काही करोनाची देणगी नव्हे. अमेरिकेत ओहायोतल्या लायमा गावचे पाळक आणि डॉक्टर जॉन थॉमस यांनी १८९४ मध्येच अशा कपांच्या संचाचं पेटंट घेतलं होतं. फक्त तेव्हा रस तिथेच ओतला जाई. कॅथलिक वाचकांसाठी हे कप नाहीतच: त्यांच्या चर्चच्या कायद्यातल्या कलम ९२४ (कॅनन ९२४) नुसार गव्हाची भाकर आणि द्राक्षांचा नैसर्गिक वाइन लागतो.

रविवारसाठी छोटे उघडे कप बसवायचा ४० भोकांचा ट्रे अजून सरस. १२० जणांना तीन ट्रे आणि कपाला ८ मिली धरून साधारण एक लिटर रस. तांब्याने ओतू नका, बारीक तोंडाच्या बाटलीने भरा, नाहीतर ट्रे चिकट होतो. घरचा रस करायचा तर अर्धा किलो काळ्या मनुका दीड लिटर पाण्यात रात्रभर भिजवून वीसेक मिनिटं उकळा, कुस्करून फडक्याने गाळा. साखर नको. फ्रीज नसेल तर त्याच सकाळी करा, नाहीतर आंबतो. भाकर एकच आणावी आणि सगळ्यांसमोर मोडावी.

रुग्णभेटीला मात्र सीलबंद कपच घ्या. पिशवीत सांडत नाहीत आणि वॉर्डात स्वच्छतेची चिंता नसते. गिळायला त्रास असेल तर आधी परिचारिकेला विचारा. ती हो म्हणाली तरच वेफरचा नखाएवढा तुकडा रसात भिजवून द्या. मोजकेच कप बाहेर काढून त्यांवर प्रार्थना करा. अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) परंपरेत प्रार्थना झालेलं उरलं तर तिथेच आदराने संपवायचं असतं, पुढच्या महिन्यासाठी खोक्यात परत टाकायचं नसतं.