मुलांसोबत वाचायला स्टोरीवीव्हर

शाळेतल्या एखाद्या मुलासोबत आठवड्यातून तासभर वाचायला बसणार असाल, तर ‘प्रथम बुक्स’ या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या संस्थेचं स्टोरीवीव्हर आधी उघडून बघा. २०१५ पासून चालू असलेलं हे संकेतस्थळ फुकट आहे, मराठी गोष्टी भरपूर आहेत, आणि पीडीएफ उतरवून छापायलाही मोकळीक आहे.

मला सगळ्यात उपयोगी पडतात त्या वाचनाच्या पातळ्या. पहिल्या पातळीत पानावर एखाद-दुसरं छोटं वाक्य, चौथीत सलग परिच्छेद. पण इयत्ता बघून पातळी ठरवू नका. माझ्यासोबत वाचणारी मुलगी तिसरीत आहे, तरी आम्ही पहिल्या पातळीपासूनच सुरुवात केली. जोडाक्षर आलं की तिचं बोट शब्दाखाली थांबायचं आणि नजर चित्राकडे जायची. चित्रात उत्तर सापडलं की पुढचं वाक्य एकदम खणखणीत! म्हणून चित्रं बोलकी नसतील तर ती गोष्ट मी घेतच नाही.

एक पथ्य मात्र पाळा. इथे कोणीही गोष्ट लिहू शकतं, भाषांतर करू शकतं, त्यामुळे भाषा सगळीकडे सारखी नसते. गोष्ट आधी स्वतः मोठ्यानं वाचून बघा. आपलीच जीभ अडखळली तर सोडून द्या. मग दोन-तीन गोष्टी समोर ठेवून निवड मुलावर सोपवा. आमच्याकडे प्राण्यांचीच गोष्ट जिंकते, तीही पुन्हा पुन्हा तीच. खुशाल वाचू द्यावी.

मोबाइलपेक्षा मी छापील प्रतच देते. ती घरी नेऊन धाकट्या भावाला वाचून दाखवता येते.