बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील वनस्पती-ओळख फेरी

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सप्टेंबरमध्ये एका निसर्गमंडळाने काढलेल्या तीन तासांच्या वनस्पती-ओळख फेरीला मी गेलो होतो, आणि फुलाच्या रंगावर विसंबून न राहता पान, खोड व फळ पाहून झाड ओळखण्याची सवय लावणारी अशी फेरी मला फार मोलाची वाटली. पांढरा कुडा आणि काळा कुडा मी अनेक वर्षे एकच समजत होतो; दोघांच्याही शेंगा जोडीने येतात, परंतु काळ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोके एकमेकांना चिकटलेली असतात, हे मार्गदर्शिकेने प्रत्यक्ष फांदीवर दाखवले. मुरुडशेंगेचे विटकरी फूल जुने होताना निळसर-राखाडी होते, त्यामुळे एकाच झुडपावर दोन रंग दिसतात. कळलावीच्या पानाचे टोकच तणाव्यासारखे आधाराला विळखा घालते. तिचा कंद अत्यंत विषारी असल्याने तिला हात लावू नये, हेही त्यांनी बजावून सांगितले. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते व मग मरते, म्हणून ती दातेरी, खरखरीत पानांवरून ओळखता येणे महत्त्वाचे.

एक उणीव मात्र गंभीर आहे. एका मार्गदर्शिकेमागे तीस जण होते, त्यामुळे अरुंद पायवाटेवर मागच्यांना अर्धे ऐकूच आले नाही. संख्या पंधरावर आणावी, अशी आयोजकांना कळकळीची विनंती आहे. जाताना साधे भिंग अवश्य न्यावे.