येरवडा, वेल्लोर, मोबाईल की आपलंच आवार? कारागृह अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण कुठे करावं

सोलापुरात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत एक जुना मित्र घरी आला. लांबच्या जिल्ह्यात एका लहान कारागृहाचा कारभार त्याच्याकडे आहे. होम मैदानावरून फिरून आलो, कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात आली, तसा त्याने प्रश्न टाकला, "वर्षभरात फार तर चार माणसं ड्युटीतून सोडू शकतो मी. प्रशिक्षणाला कुणाला कुठं धाडू?"

मी वकील. गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवर असल्यामुळे कारागृहात जाणं-येणं असतं. त्या रात्री त्याला तुटक उत्तरं दिली, इथे सविस्तर लिहितो. त्याच्यासारख्याच पेचात असलेले आणखी काही जण असतील.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. परिपत्रकांतून एक 'प्रशासन सुधारणा' प्रशिक्षण येतं आणि एक 'मानवी हक्क' प्रशिक्षण. पहिलं कामाचं आणि दुसरं भाषणाचं, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव वेगळा आहे, ही दोन वेगळी कामं नाहीतच.

एका कारागृहात (कुठलं ते सांगत नाही, सोलापूरचं नव्हे) कायदेविषयक शिबिराला गेलो होतो. कर्नाटकातल्या इंडीकडचा एक ऊसतोड मजूर समोर आला. त्याला फक्त कन्नड येत होतं. साध्या चोरीचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) प्रमाणे जास्तीत जास्त तीन वर्षं. आत येऊन त्याला चौदा महिने झाले होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं की पहिलाच गुन्हा असलेल्या न्यायाधीन (खटल्याचा निकाल अजून न लागलेल्या) बंद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचं. आधीचा गुन्हा असेल तर निम्मा काळ. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्याला आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तर हे लागू नाही. आणि यासाठी न्यायालयाकडे लेखी अर्ज करायचा आहे तो कारागृह अधीक्षकाने, बंद्याने नाही. या मजुराचं एक वर्ष दोन महिन्यांपूर्वीच भरलेलं. रजिस्टर मागवलं. 'पूर्वीचे गुन्हे' या रकान्यात पेन्सिलने लिहिलं होतं : माहिती मागवली. कुणाकडून, कधी, काही नाही. पेन्सिल पुसटही झाली होती. ज्या टेबलावर ते रजिस्टर उघडलं, त्याच्या मागच्या भिंतीवर साहेबांचं मानवी हक्क प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं होतं.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. ऐकल्यावर चटकन अर्ज तयार करायला बसले. पण महिन्याकाठी हा हिशोब कुणी करायचा, हे त्या कचेरीत ठरलेलंच नव्हतं. याला मानवी हक्कांचा भंग म्हणाल की ढिसाळ कारभार? म्हणून पुढच्या प्रत्येक पर्यायाला मी एकच कसोटी लावतो : परत आल्यावर रजिस्टर बदलेल का?

येरवडा

महाराष्ट्रातल्या अधिकाऱ्याला घरचं ठिकाण म्हणजे पुण्याचं दौलतराव जाधव तुरुंग अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालय. सोलापूरच्या माणसाने सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरायची. ज्यांच्या आठवणीत ती गाडी धावते, ते मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यातच फासावर गेले. या मार्गाने प्रशिक्षणाला जाणाऱ्याच्या मनात काय येत असेल, मला नेहमी वाटतं.

येरवड्याची जमेची बाजू म्हणजे तिथे आपलेच नियम, आपल्याच भाषेत. संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) यांचे आपले नियम आहेत, शिक्षेतल्या माफीचे दिवस मोजायची आपली रीत आहे. हे बाहेरच्या राज्यातला कुणी शिकवू शकत नाही. रजेचा अर्ज का फेटाळला याची कारणं नीट लिहिता येणं हे मोठं कौशल्य आहे. ती कारणं मोघम असली की प्रकरण उच्च न्यायालयात जातं आणि तिथे लाज निघते. शिवाय बॅचमधली ओळख राहते. अडलं की दुसऱ्या जिल्ह्यातल्या सोबत्याला फोन लावता येतो.

उणी बाजू अशी की पायाभूत प्रशिक्षणात परेड, शस्त्रं, बंदोबस्त यांना त्यांचा वेळ द्यावाच लागतो आणि सगळे एकाच खात्यातले असल्यामुळे 'आपल्याकडे असंच असतं' ही समजूत आणखी पक्की होऊन परत येऊ शकते. तरीही नव्या तुरुंगाधिकाऱ्यासाठी मी डोळे झाकून येरवडाच सांगेन.

वेल्लोर, चंदीगड

वेल्लोरची कारागृह व सुधार प्रशासन अकादमी १९७९ पासून आहे, दक्षिणेकडच्या राज्यांनी मिळून चालवलेली. चंदीगडलाही सुधार प्रशासनाची संस्था आहे. केंद्राच्या पोलीस संशोधन व विकास ब्युरोमार्फत वेगवेगळ्या राज्यांच्या अधिकाऱ्यांसाठी छोटे अभ्यासक्रम होतात, त्यात महाराष्ट्राचे लोकही जातात.

इथे शिकायला मिळतं ते वर्गात कमी आणि जेवणाच्या टेबलावर जास्त. आपण जे कायदा म्हणून पाळत होतो ती नुसती वहिवाट होती, हे दुसऱ्या राज्याच्या अधीक्षकाशी बोलताना कळतं. मुलाखतीला इतकीच मिनिटं का, पत्र उघडून का वाचायचं, हे प्रश्न घरी पडत नाहीत. पण व्याख्यानं बहुतेक इंग्रजीत आणि उदाहरणं परराज्यातली. इंग्रजीशी झटापट करणाऱ्या हवालदाराला तिथे पाठवणं म्हणजे त्याला चार दिवस मान डोलवायला लावणं. गेलंच तर प्रमुखाने जावं. बंद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांतला ७९ वा नियम प्रमुखाकडे प्रशासनाची कुवत, प्रशिक्षण आणि अनुभव मागतोच.

मोबाईलवरचा अभ्यासक्रम

स्वस्त, आणि ड्युटी बुडत नाही. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचं 'आयगॉट कर्मयोगी' आहे, संयुक्त राष्ट्रांचा मंडेला नियमांवरचा मोफत अभ्यासक्रमही आहे. २०१५ साली आमसभेने मान्य केलेले हे १२२ नियम एकदा वाचून काढायला ही सोय उत्तम. दिवसाला २२ तास किंवा जास्त वेळ माणसांच्या सहवासाविना कोंडणं म्हणजे एकांतवास, आणि तो सलग १५ दिवसांपलीकडे नाही, हे पडद्यावर दहा मिनिटांत कळतं. संध्याकाळी बराकी बंद करायच्या वेळेला दोन टोळ्या भिडल्यात, वेगळी कोठडी एकच आहे आणि डॉक्टर निघून गेलेत, तेव्हा काय करायचं हे मात्र पडदा सांगत नाही. आणखी एक गंमत. ड्युटीवर जाताना मोबाईल गेटवर जमा. म्हणजे हा अभ्यास घरी, रात्री, पोरांच्या गलक्यात. पुढचं पान दाबत राहिलं की प्रमाणपत्र येतं. यावर जास्त लिहीत नाही.

आपलंच आवार

आठवड्यातून एकदा दोन तास, कारागृहातच. विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, कारागृहाचे डॉक्टर, जवळच्या विधी महाविद्यालयातले प्राध्यापक, समाजकार्याचे विद्यार्थी यांना बोलवायचं. बाहेरचा माणूस आत आणायला वरिष्ठांची लेखी परवानगी लागते. ती मागायचा कंटाळा हेच बहुतेक ठिकाणी हा पर्याय न निवडण्याचं खरं कारण असतं.

दोष भरपूर. अर्ध्यात घंटा होते आणि निम्मी खोली रिकामी होते. साहेब पहिल्या रांगेत बसले की शिपाई तोंड उघडत नाही. बाहेरचा पाहुणा नसेल तर जुनी चूक जुनाच माणूस नव्याला शिकवतो. पण येरवड्याला किंवा वेल्लोरला गेलेल्या अधिकाऱ्याची बदली झाली की प्रमाणपत्र त्याच्या पेटीतून निघून जातं. इथे शिकलेलं मात्र टेबलावर राहतं, कारण शिकायला पुस्तक म्हणून तुमचंच रजिस्टर घेता येतं. पहिल्या बैठकीला सगळ्या न्यायाधीन बंद्यांची यादी काढा, कलम ४७९ चा हिशोब एकेकाचा फळ्यावर मांडा. तासाभरात दोन-तीन नावं सापडली तर नवल वाटू देऊ नका.

दुसऱ्या बैठकीला जातीचा रकाना घ्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांतलं जातीवरून कामवाटप घटनाबाह्य ठरवलं आणि बंद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितलं. विमुक्त जमातींच्या माणसाला जन्मतः सराईत समजणारी नियमावलीतली भाषाही त्यात गेली. सोलापुरात हे समजावायला व्याख्याता लागत नाही. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना ब्रिटिशांनी तारेच्या कुंपणात ठेवलं, त्या भागाला आपण आजही सेटलमेंट म्हणतो. तो कायदा १९५२ ला गेला. पण सेटलमेंटचा पत्ता ऐकून गेटवर झडती जरा जास्त वेळ चालते का, हे शिपायांना एकमेकांसमोर विचारून बघा. खोली गप्प होते, आणि माझ्या मते खरा वर्ग तिथून सुरू होतो.

भाषेचंही तेच. अक्कलकोटकडे कन्नड, पूर्व भागात तेलुगू, शहरात दखनी. आत आल्याबरोबर बंद्याला त्याच्या भाषेत हक्क आणि नियम सांगायचे असतात. वेल्लोरमध्ये हे तत्त्व म्हणून शिकवता येईल, पण कन्नड तक्ता लिहायला अक्कलकोटचाच माणूस लागणार.

जमलं तर एक दिवस सांगोल्यावरून आटपाडीला स्वतंत्रपूरला जाऊन या. औंध संस्थानाने १९३९ मध्ये सुरू केलेली ही खुली वसाहत. भिंत नाही, बंदी कुटुंबासह राहतात, शेती करतात. सुरक्षा म्हणजे कुलूप एवढंच ज्याच्या डोक्यात आहे, त्याला ती दाखवाच.

मग चार जागा कशा वाटाव्यात

मित्राला मी सांगितलं ते असं. एक जागा नव्या तुरुंगाधिकाऱ्याला, येरवडा. जाताना त्याच्या हातात अडलेल्या रजा-प्रकरणांची यादी द्यायची आणि उत्तरं घेऊनच परत यायला सांगायचं. दुसरी त्याची स्वतःची, वेल्लोर किंवा चंदीगड. उरलेल्या दोन जागांचे दिवस कुणालाही बाहेर न पाठवता आतल्या बैठकांना वापरायचे, आणि त्या बैठकांना सुभेदार आणि लेखनिक हवेतच. दिवसभर बंद्यांत वावरतो तो सुभेदार आणि पेन्सिल असते लेखनिकाच्या हातात. दोघांनाही आजवर कुणी कुठे पाठवलेलं नसतं.

तो म्हणाला, "वरून विचारतील, किती जणांना प्रशिक्षण दिलं? दोघांना म्हणू?" प्रश्न रास्त होता. आतल्या बैठकींची हजेरी, तारीख आणि त्या दिवशी पाठवलेले अर्ज एका वेगळ्या वहीत लिहीत जा, असं मी सुचवलं. त्याने मान हलवली, पण चेहऱ्यावरून पटल्यासारखं वाटलं नाही.

परवा त्याचा फोन आला. वहीचं काही बोलला नाही. कन्नड हाताने सुबक लिहून देणारं कुणी आहे का, तक्ता करायचाय, एवढंच विचारलं. अक्कलकोटला एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांना विचारून मग त्याला नंबर दिला.