व्हॅन, भुरी आणि कोकणातला हिवाळा: ३१ रात्रींनंतर

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत आमच्या पुणे-कोकण सात फेऱ्या झाल्या. आम्ही दोघं, आमची गावठी कुत्री भुरी आणि जुनी पाच सीटची ईको. दिवेआगरपासून वेंगुर्ल्यापर्यंत मिळून ३१ रात्री गाडीत काढल्या. पहिल्या फेरीनंतर लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून मुद्दाम थांबले.

व्हॅनची हौस वगैरे काही नव्हती. कोकणात राहण्यासाठी घरगुती जागांना फोन केला की सगळं जमत यायचं, जेवणाची वेळसुद्धा ठरायची, आणि "सोबत कुत्री आहे" म्हटलं की पलीकडे शांतता. मग "आमचं तसं काही नाही हो, पण बाकीच्या पाहुण्यांना..." असं आठ-दहा वेळा ऐकल्यावर नवरा म्हणाला, आपण गाडीतच झोपू.

टिंबर मार्केटमधून १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय आणला आणि ओळखीच्या सुताराकडून मागच्या जागेत बसेल असं खोकं करून घेतलं. रात्री फळ्या उलगडल्या की गादी, दिवसा खाली भांडी आणि भुरीचं सामान. गाडीच्या बॉडीला एकही भोक पाडलेलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि सोमवारी हीच गाडी नवऱ्याला कामाला लागते. त्यामुळे खोकं वीस मिनिटांत उतरतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. प्लाय चार महिन्यांत जरासुद्धा फुगला नाही. बिजागऱ्या मात्र "स्टेनलेसच आहेत ताई" म्हणून दिलेल्या, तिसऱ्या फेरीला तांबड्या झाल्या. खाऱ्या हवेपुढे दुकानदाराचा शब्द टिकत नाही.

आता चुकीची खरेदी. पुण्यात डिसेंबरात पहाटे हुडहुडी भरते, त्याच हिशेबाने आम्ही गाडीला आतून लावायला जाड फोमच्या शीट आणल्या. वरून दोन रजया. समुद्रकाठी रात्री पातळ चादर पुरली, आणि सकाळी काचा आतून ओल्याचिंब. दोन माणसं आणि एक कुत्री रात्रभर श्वास सोडणार, त्यात बाहेरची दमट हवा, दुसरं काय होणार? दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटं उघड्या ठेवून चुंबकाच्या जाळ्या लावल्या, छोटा पंखा सुरू ठेवला, तेव्हा कुठे प्रश्न सुटला. शीट तिसऱ्या फेरीपासून घरीच राहिल्या.

कोकणातला हिवाळा थंडीचा नसतो, उन्हाचा असतो. हे आम्हाला भुरीने शिकवलं. गाडीत थर्मामीटर लावलाय: सकाळी साडेदहाला बाहेर ३१ अंश असताना काचा बंद केलेल्या गाडीत वीस मिनिटांत ४१ झालं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करावं लागतं. म्हणजे तिला गाडीत ठेवून दोघांनी मिळून देवळात जाणं, जेवायला जाणं, सगळं बाद. हरिहरेश्वरला प्रदक्षिणा आम्ही पाळीपाळीने घातली.

त्यामुळे मुक्काम निवडताना समुद्र दिसतो का हे आम्ही बघेनासे झालो. सावली कुठे पडते ते बघायचं. सुरूचं बन असलेल्या किनाऱ्यावर सूर्य सकाळी डोंगराकडून येतो, तेव्हा झाडांची सावली समुद्राच्या बाजूला पडते. दुपारनंतर उलटं: ऊन समुद्रावरून तिरपं येऊन झाडांच्या खालून थेट आत शिरतं, आणि सावली वाडीच्या बाजूला सरकते. म्हणजे एक वाजला की गाडी बनाच्या पलीकडे हलवायची. सुरूची सावलीही विरळ असते, आंब्यासारखी दाट नाही. वाडीत विचारून कोणाच्या आंब्याखाली जागा मिळाली तर मी समुद्र सोडून तिथे जाते. तीन-चारशे रुपयांत अंगण, न्हाणीघर आणि विहिरीचं पाणी मिळतं, शिवाय बऱ्याचदा काकू भुरीसाठी भात काढून ठेवतात.

आता गंमत बघा. कुत्रीला हवी सावली आणि सोलर पॅनेलला हवं ऊन. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, १०० अँपिअर-अवर, १२.८ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरली की साधारण सव्वा युनिट वीज. छोटा फ्रिज आणि दोन पंखे मिळून दिवसाला जवळपास अर्धा युनिट खातात. १०० वॉटचं घडीचं पॅनेल मोकळ्या उन्हात दिवसाला ४०० वॉट-अवर, म्हणजे ०.४ युनिट देतं, पण फांदीची सावली एका कोपऱ्यावर जरी आली तरी आकडा धाडकन खाली. गाडी सावलीत लावून पॅनेल लांब वायरने उन्हात टाकलं, तर तिथे कोणीतरी बसायला हवं. ते काम माझं. खरा उपयोग झाला तो चालत्या गाडीवर बॅटरी भरणाऱ्या २० अँपिअरच्या चार्जरचा. दोन तास गाडी चालली की दिवसाचा खर्च वसूल, आणि कोकणात दोन तास गाडी चालतेच, वीस किलोमीटर जायचं असलं तरी. पैसे मोजकेच असतील तर आधी चार्जर घ्या, पॅनेल नंतर.

वाळूबद्दल एकच सांगते. गुहागरच्या बाजूला एका संध्याकाळी आम्ही कडेच्या घट्ट वाळूवर गाडी लावून चहा टाकला होता. जाळं खांद्यावर घेऊन एक आजोबा आले, गाडीकडे बघितलं आणि विचारलं, "आज तिथी कोणती?" मोबाइलवर बघून तेरस म्हणून सांगितलं. "तेराची पाऊणपट किती? पावणेदहा. रात्री पावणेदहाला पाणी तुमच्या चाकाशी." तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, आणि तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. गाडी तेव्हाच मागे घेतली. रात्री जाऊन पाहिलं तर चाकांच्या खुणा पाण्याखाली होत्या. तेव्हापासून गाडीत कालनिर्णय असतं आणि गाडी वाळूवर जातच नाही.

भुरीच्या बाबतीत सगळ्यात वाईट दिवस मालवणजवळचा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली होती, वाळूत नको असलेली मासळी फेकलेली. भुरीने टरारून फुगलेला एक पांढरट मासा तोंडात धरला. तिकडून एक बाई ओरडली, "अगो, केंड आसा ता! कुत्रो मरात!" मी जबडा उघडून तो बाहेर काढला, हाताला दात लागले. केंडात विष असतं आणि त्याच्यावर उतारा नाही. भुरीने गिळला नव्हता, तरी पुढचे सहा तास मी तिच्या पायांकडे बघत बसले होते, लटपटतात का म्हणून. आता रापणीच्या आसपास पट्टा सुटत नाही. खारं पाणी चाटलं की जुलाब होतात, त्यामुळे खेळताना दर पंधरा मिनिटांनी गोडं पाणी. गोचिडीसाठी तीन महिने चालणारी गोळी पशुवैद्याकडून घेतली होती, तरी रात्री कानामागे बोटं फिरवतेच. वाडीत गुरं असतात.

वेळासला आम्ही तिला किनाऱ्यावर नेलंच नाही. ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येतात, आणि कुत्री ती घरटी उकरतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे संवर्धनाचं काम उभं केलं. आपली कुत्री किती गुणाची हे सांगायची ती जागा नाही.

रात्री बाहेर बांधू नका, हे मात्र प्रत्येक गावात कोणी ना कोणी बजावतंच. बिबट्या येतो. भुरी आमच्या पायांशी झोपते, म्हणजे आम्ही गादीच्या उरलेल्या भागात झोपतो.

फेरीबोटींबद्दल तक्रार नाही. वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा तिन्ही खाड्या गाडीसकट ओलांडल्या, बराच वळसा वाचला. फक्त लोखंडी फळी खाली आपटली की भुरी सीटखाली घुसते, म्हणून आधीच खिशात खारी ठेवते. ताम्हिणीत तिला उलट्या व्हायच्या. पहाटे उपाशीपोटी निघायचं, मुळशीला थांबायचं, आणि माणगावात उतरल्यावरच खायला द्यायचं, असं केल्यापासून बंद.

पुढच्या हिवाळ्यासाठी दोन बदल: चांगल्या प्रतीच्या बिजागऱ्या आणि मागच्या दाराला बांधायची मोठी ताडपत्री. सावली बरोबर न्यायची ती एवढीच. फोमच्या शीट कोथरूडला बाल्कनीत पडून आहेत, जवळजवळ नव्या. हिमाचलला जाणारं कोणी असेल तर निम्म्या किमतीत घेऊन जा. घासाघीस नको.