जुन्या लुगड्यांच्या गोधड्या आणि भिंतीवरच्या पट्ट्या

पुण्याच्या भीमथडी जत्रेत एका महिला बचत गटाकडून मी वापरलेल्या सुती लुगड्यांपासून शिवलेले बाळाचे दुपटे आणि भिंतीवर टांगायची पट्टी भेट देण्यासाठी घेतली. नऊवारी लुगडे सुमारे 8 मीटर लांब असते. त्याचा मधला भाग विरला तरी काठ आणि पदर बहुधा शाबूत राहतात, आणि या कारागीर बायकांनी नेमके तेच काठ चौकटीसारखे बाहेर ठेवून विरलेले कापड आतल्या थरांत घातले आहे. धावदोरा कडेपासून मध्याकडे घातलेला असून टाके इतके जवळ आहेत की धुतल्यावरही आतले थर सरकले नाहीत. वापराने मऊ झालेले सूत तान्ह्या बाळाच्या अंगाला टोचत नाही, म्हणून दुपट्याला माझी पहिली पसंती आहे. पट्टीवरची आरशांची नक्षी मात्र मला अनावश्यक वाटली, कारण काठाची मूळ वीणच पुरेशी देखणी आहे. लाल काठाचा रंग पहिल्या धुण्यात थोडा उतरला, त्यामुळे दुपटे सुरुवातीला वेगळे, थंड पाण्यात धुवावे. यंत्रावर शिवलेल्या दुपट्यापेक्षा किंमत जास्त आहे, पण हातशिलाईचे कष्ट पाहता ती मला रास्त वाटते.