लॅपटॉपसाठी इंटेल एएक्स२१० वायफाय कार्ड: घेण्याआधी स्लॉट बघा, बसवल्यावर लिंक रेट बघा

जुन्या लॅपटॉपचं वायफाय रखडत असेल, तर यूएसबी डोंगल लटकवत फिरण्यापेक्षा आतलं कार्ड बदललेलं केव्हाही चांगलं. त्यासाठी एएक्स२१० ही आजही भरवशाची निवड आहे. २.४, ५ आणि ६ गिगाहर्ट्झ हे तिन्ही बँड, १६० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद चॅनल आणि ब्लूटूथ, सगळं २२ बाय ३० मिलीमीटरच्या पट्टीवर.

खरेदीत सर्वाधिक फसगत होते ती नावामुळे. एएक्स२११ दिसायला तसंच, पण त्याच्या कामाचा काही भाग इंटेलच्या चिपसेटमध्ये होतो, म्हणून ते ठरावीक इंटेल लॅपटॉपमध्येच चालतं. एएमडी प्रोसेसरच्या मशीनमध्ये ते स्लॉटमध्ये बसलं तरी विंडोजला दिसणार नाही. एएक्स२१० साध्या पीसीआय एक्स्प्रेसवर (मदरबोर्डवरच्या सर्वसाधारण जोडणीवर) चालतं, त्यामुळे एएमडीलाही चालतं. कार्ड मदरबोर्डवर सोल्डर केलेलं असेल किंवा बायोस (लॅपटॉप सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) ठरावीक कार्डंच स्वीकारत असेल, तर मात्र विषयच संपला. मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आधी हे बघून घ्या.

ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवा, कारण कार्ड बदलल्यावर नेट असेलच असं नाही. शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा, म्हणजे विंडोज पूर्ण बंद होतं. चार्जर काढा, आतल्या बॅटरीची वायर सोडवा आणि मगच कार्डाला हात लावा. एकच स्क्रू असतो. तो काढला की कार्ड तिरकं वर येतं.

नाजूक काम आहे ते अँटेनाच्या दोन वायरींचं. त्यांचे गोल कनेक्टर तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असतात. कनेक्टर बरोबर पिनेवर ठेवा, हलवून मध्यभागी आल्याची खात्री करा आणि नखाने सरळ खाली दाबा. बारीक 'टक्' जाणवतं. तिरका दाबला तर कडा चेपते आणि पुढे तो धरतच नाही. राउटर शेजारी असूनही सिग्नल कमी दिसला, तर ड्रायव्हरशी झटापट करण्याआधी हे कनेक्टर तपासा. वायफाय चालू पण ब्लूटूथ गायब असेल, तर बहुधा त्या स्लॉटला यूएसबीची लाइन दिलेली नाही. या कार्डाचं ब्लूटूथ यूएसबीवरून चालतं.

आता वेगाचं. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'netsh wlan show interfaces' ही कमांड टाइप करा. चॅनल, सिग्नल आणि रिसीव्ह रेट समोर येतात. हा रिसीव्ह रेट म्हणजेच लिंक रेट, कार्ड आणि राउटर यांच्यात ठरलेला वेग. वायफाय ६ राउटरवर १६० मेगाहर्ट्झला कमाल २४०२ एमबीपीएस, ८० ला १२०१. राउटर वायफाय ५ चा आणि चॅनल ८० चं असेल तर ८६६.७ च दिसणार; त्यात कार्डाचा दोष नाही. फाइल कॉपी करताना हातात येणारा वेग या आकड्यापेक्षा बराच कमी असतो, तेव्हा स्पीड टेस्टला २४०० मिळत नाही म्हणून कार्ड परत करू नका. सिग्नलच्या टक्क्यांत १०० म्हणजे उणे ५० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप), ० म्हणजे उणे १००. यानुसार ६० टक्के म्हणजे उणे ७०, आणि तिथून पुढे वेग झपाट्याने पडतो.

५ गिगाहर्ट्झवर १६० चं चॅनल लावलं की त्यात रडारशी वाटून घेतलेली चॅनलं येतात. राउटरला रडारची चाहूल लागली की त्याला ते चॅनल सोडावं लागतं आणि कनेक्शन मध्येच तुटतं. असं वारंवार होत असेल तर सरळ ८० वर या. व्हिडिओ कॉलला वेगापेक्षा न तुटणारं कनेक्शन महत्त्वाचं.

६ गिगाहर्ट्झसाठी विंडोज ११, डब्ल्यूपीए३ (वायफायची नवी सुरक्षा पद्धत) आणि तो बँड खुला असलेला देश, तिन्ही लागतात. शिवाय जुन्या लॅपटॉपच्या अँटेना त्या बँडसाठी बनलेल्या नसतात, म्हणून तिथे पल्ला कमी पडू शकतो. लिनक्सवर ५.१० किंवा त्यापुढचा कर्नल आणि ताजं फर्मवेअर पॅकेज पुरतं.

वायफाय ७ राउटर असलेल्यांना इंटेलच्याच बीई२०० या वायफाय ७ कार्डाचा मोह होईल. पण ते बऱ्याच एएमडी मशीनवर चालत नाही. अशा लॅपटॉपला एएक्स२१० च घ्या.